कवडीचा तुरा

झाशी, पौष वद्य सप्तमी, दिवेलागण

कवडी कोंबडीच्या तुऱ्यावर आताच हळद दाबली. रक्त थांबलं, पण मान काही वर करत नाही.

माझं काय चुकलं? कोंबडी घरघरायला लागली, तेव्हा टोपलीत घालून चुलीशी ठेवली, तुपातली लसूण भरवली. त्याच सुमारास यमू सासरहून तापानं फणफणून आली. लेकीला नि कोंबडीला एकाच चुलीची ऊब दिली. दोघीही उठल्या. आज कवडी दाण्यासाठी पायांत घुटमळली, म्हणून हौसेनं खुराड्यात सोडली, तर तिथल्या कोंबड्यांनीच तिचा तुरा फोडला! पाणी भरणारी रामकली म्हणाली, "काकीजी, इत्ते दिन बाहर रही, अब वे इसे अपना थोड़े मानेंगी!"

आपलेच दात, आपलेच ओठ.

उद्या मऊरानीपूरच्या गाडीनं जावई यमूला न्यायला येणार. तिच्या दुखण्याची तिकडून कुणी साधी चौकशी केली नाही. निरोप आला तो एवढाच, की घरात कामाचे हाल होताहेत. आणि मी बोचकं बांधून बसले, मेथीचे लाडूही घातले त्यात.

हळद लावताना कवडी यमूच्याच मांडीवर होती. तिनं विचारलं, "आई, हिला उद्या परत तिथंच सोडायची?"

"छे गं, जीव घेतील तिचा!" मी म्हणून गेले.

यमू बोचक्याकडे बघत राहिली.

कोंबडीसाठी तोंडातून 'छे' लगेच निघालं. जावयापुढे निघेल? लोक काय म्हणतील, हेही डोक्यात आहेच.

आत्ताच हळदीच्या हातांनी बोचकं सोडलं. लाडू परत डब्यात ठेवले.