घर धाकटीचं, आणि त्याची कारणं

मी, खाली सही करणारी, शिलाई मशीन दुरुस्त करून पोट भरलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे, चष्मा नवा आहे आणि कोणीही माझ्या मानगुटीवर बसलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर आणि खालचं दुकान माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. दोन्ही माझ्या धाकट्या सुनेला मिळावं. तिने पुन्हा लग्न केलं तरी ते तिचंच राहील.

कलम २. कारणं देण्याची सक्ती नाही. पण मी डोळे मिटताच तिला बाहेर काढतील, म्हणून देते. माझा थोरला मुलगा म्हणतो, "आई, ती घरात आली आणि वर्षाच्या आत भाऊ गेला. अजून काय पुरावा पाहिजे?" गिऱ्हाईकंही असंच म्हणतात: नवा धागा घातला आणि मशीन टाके सोडायला लागलं, म्हणजे धागाच खराब. मी जुना धागा ओवून बघते. टाके तरीही सुटतात. सुई वाकलेली असते. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही. माझ्या धाकट्याच्या हृदयाची झडप जन्मापासून अधू होती. डॉक्टरीणबाईंनी ते लग्नाआधी या मुलीलाही सांगितलं होतं. ऐकूनही ती आली. आणि थोरल्या, ती आली त्याच महिन्यात तू स्कूटर घेतलीस. तिला कोणी पांढऱ्या पायाची म्हटलं नाही.

कलम ३. आमचे दीर सांगतात, सगळी गल्ली तसं म्हणते. मी गल्लीत जाऊन विचारलं. गल्ली म्हणाली, तुमचे दीर म्हणतात. दिरांना माझ्याकडून काही नाही.

कलम ४. माझ्या नणंदेचा मुद्दा जरा बरा बांधलेला आहे: दुःख झालं की माणूस रडतं, ही रडली नाही, म्हणजे हिला दुःख नाही. जोडणी चोख, पण पहिलंच वाक्य खोटं. ही पोरगी तो गेल्यावर कितीतरी महिने त्याच्या मोठ्या चपला घालून घरभर फटक फटक फिरत होती. नणंदेला माझी शाल द्यावी. तिची माया खरी आहे.

कलम ५. बँकेतली ठेव थोरल्याला. तो वाईट नाही, भाऊ गेल्याचा राग त्याला कोणावर तरी काढायचा आहे. माझी हत्यारं त्याच्या मुलीला. ती प्रत्येक गोष्टीला "कशावरून?" विचारते. त्याबद्दल तिला कोणी दटावू नये.

कलम ६. थोरला कोर्टात म्हणेल, आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कशावरून? घर सुनेला दिलं. का दिलं? डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून. हे घाण्याच्या बैलासारखं जागच्या जागी फिरणं झालं. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम ७. हे धाकटीसाठी. घराचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मलाच कधी कधी वाटतं, मी आले नसते तर ते राहिले असते." बाळा, इतरांशी भांडले त्याहून जोरात मी तुझ्याशी भांडणार. तू आली नसतीस तरी झडप तीच होती. तो गेलाच असता. तू आल्यावर तो घरात गायला लागला. तू माहेरी गेलीस की गाणं बंद, परतलीस की सुरू. दर वेळी मी कान देऊन ऐकलंय. तुझ्या येण्यामुळे काय झालं असेल, तर ते हे झालं.

मी सही करताना दोन्ही साक्षीदार समोर बसले होते.

(सही) दुकानाची मालकीण
साक्षीदार: (सही) समोरचे शिंपी
(सही) आमच्या डॉक्टरीणबाई
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: १४ मार्च २०१६