हेगन-बीसली पोस्ट बंद होताना

ती. व्हर्लिनदादास,

धाकट्या डेलमरचा नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना ॲरिझोनाचं ऊन मानवत असेल. माझी प्रकृती विचारू नकोस (विचारतोस तरी कुठे म्हणा, तीन वर्षांत एक नाताळचं कार्ड, तेही छापील).

कळवण्याचं कारण, माजी सैनिकांच्या संघटनेची आपल्या गावची शाखा, आपली हेगन-बीसली पोस्ट, आता आटोपली असं समज. ईस्टरला क्लीटस वारला आणि पटावर नऊ उरले. दहाच्या खाली गेलात तर सनद परत करा, असं वरच्या ऑफिसचं पत्र आलं. नवापैकी चौघं वृद्धाश्रमात, दोघं मुलांकडे टेक्ससला. उभं राहू शकणारे आम्ही तिघं: मी, व्हिएतनाममध्ये नर्स असलेली मर्ना आणि हारलन (तो उभा राहतो, पण मग त्याला बसवावं लागतं).

तरी मेमोरियल डेला, लढाईत पडलेल्यांची नावं घ्यायला, गेलो दफनभूमीत. बंदुकांच्या तीन फैरी झाडायच्या. पहिली झडली, दुसऱ्या वेळी माझी बंदूक अडकली, तिसऱ्या वेळी हारलन धक्क्याने स्वतःचाच खांदा धरून बसला. मग हारलनने बिगूल तोंडाला लावला. खरा वाजवणारा आता गावात कोणी नाही, म्हणून हल्ली बॅटरीवरचा आहे. आत सूर भरलेले, माणसाने नुसते गाल फुगवायचे. अर्ध्यातच बॅटरी संपली. हारलनला कमी ऐकू येतं, त्यामुळे तो पुढे मिनिटभर तसाच शांतपणे गाल फुगवत राहिला. कोणी हसलं नाही. हसायला माणसं लागतात. समोर चाकाच्या खुर्चीवर एकटी आर्डिस होती, कोरियात पडलेल्या ओरिन हेगनची धाकटी बहीण. अठ्ठ्याऐंशी वर्षांची.

पोस्टच्या नावातला दुसरा, त्या बीसलीचं तर कोणीच उरलेलं नाही. दोन्ही नावं मीच वाचली. मग पोस्ट बंद होतेय, हे तिला सांगितलं. वाटलं, रडेल. तिने मांडीवरची घोंगडी नीट केली आणि म्हणाली, "म्हणजे पुढच्या वर्षी नाव कोण घेणार? मी तर ते आताच अधूनमधून विसरते, डेलमर."

तिची खुर्ची गाडीपर्यंत ढकलली.

तर असं सगळं संपत आलं आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
डेलमर

ता. क. – तूही दोन वर्षं जर्मनीत पलटणीच्या मुदपाकखान्यात होतास. बटाटे सोलणारा कसला सैनिक, असं पोस्टमध्ये कोणीतरी म्हणालं आणि तू पुन्हा पायरी चढला नाहीस. ते म्हणणारा मी होतो. तू पाठमोरा होतास, म्हणून इतकी वर्षं क्लीटसवर ढकललं. माझं चुकलं, दादा.

ता. क. २ – दहावा सभासद म्हणून तुझा फॉर्म मंगळवारीच वरच्या ऑफिसला पाठवला. सही तुझी आहे, पण हात माझा. मर्नाला कळलंय; ती म्हणते, तुरुंगात गेलास तर भेटायला येईन. वरच्या ऑफिसातून विचारायला फोन आला, तर कृपा करून हो म्हण.