स्वतःचं लेकरू उचलणं

अप्पा, तुमची नात परवा नांदेडहून आली. आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून सोडल्यावर जावयानं तिला इथं निलंग्याला आणून सोडलं. ती दारात उभी राहिली, डोळे सुजलेले, हातात पिशवी, आणि मी बाप माणूस काय विचारतो? तर औशापासून रस्ता बरा हाय का आता. ती म्हणाली, हाव, बरा हाय, आणि आत गेली. आत तिच्या आईनं तिला कवटाळलं, दोघी किती तरी वेळ रडत होत्या. मी चपला घातल्या आणि दुकान उघडायला निघून गेलो. दिवसभर गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवत होतो, इतका नालायक.

आपल्या घरात माणसानं बापासमोर स्वतःचं लेकरू उचलायचं नसतं. कुणी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण अदब म्हणजे अदब. आज्जा ओसरीवर बसलेला असला की मी रांगत तुमच्या पायाशी आलो तरी तुम्ही आईला हाक मारायचात, ह्याला आत घे म्हणून. भावाची पोरं, शेजाऱ्यांची पोरं तुम्ही खुशाल खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचात, त्यात लाज नव्हती. मी तुमचा होतो, म्हणून लाज.

एकदा मला ताप चढला आणि तुम्ही मला लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आज्जा बरोबर नव्हता. एसटीतून उतरल्याबरोबर तुम्ही मला खांद्यावर घेतलं. तुमच्या मानेला घामाचा आणि तंबाखूचा वास येतोय, टोपीची कड माझ्या कपाळाला टोचतेय, आणि मी मुद्दाम डोळे मिटून पडलोय, ताप उतरला असं तुम्हाला वाटू नये म्हणून. परत येतानाही तसंच. पण गावाचा ओढा आला आणि तुम्ही मला खाली ठेवलंत. आता चाल, घर आलं, म्हणालात. पाय लटपटत होते, तरी चाललो. आज्ज्यानं ओसरीवरूनच विचारलं, पोरगं बरं हाय का, आणि तुम्ही माझ्यापासून चार हात लांब उभं राहून हाव म्हणालात.

पुढं आपण निलंग्यात दुकान टाकलं, माझं लग्न झालं, लेक झाली, आणि ओसरीवर आज्ज्याच्या जागी तुम्ही बसायला लागलात. मीही तेच केलं. मला कुठं दुसरं काही येत होतं? एकदा ती ओट्यावरून पडली, हनुवटी फुटली, रक्त यायला लागलं. ती माझ्याकडं हात पसरून रडतेय आणि मी बायकोला हाका मारतोय. तेव्हा तुम्ही चिडून म्हणालात, "उचल की रे तिला. मी तिकडं तोंड करतो." आणि खरंच भिंतीकडं तोंड करून बसलात. सगळ्या आयुष्यात तुमच्या तोंडून मी असं काही ऐकलं नव्हतं. तरी माझे हात उठले नाहीत, अप्पा. तिची आई धावत आली आणि तिला घेऊन गेली. तुम्ही बराच वेळ तसेच बसून होतात.

थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. मग अदब तरी कुणाची होती? मी शिकायला पाहिजे होतं. बाकी सगळं शिकलो की. सायकलच्या मागं पळालो, शिकवणीसाठी लातूरला रूम बघून दिली, डब्यात मेथी चालत नाही हे ध्यानात ठेवलं, जावई पसंत करताना त्याला भंडावून सोडलं. जवळ घेणं तेवढं राहून गेलं. बघता बघता ती मोठी झाली, आणि मोठ्या लेकीला कुठला बाप जवळ घेतो, असं म्हणून मी सुटलो.

काल दुपारी तिची आई देवळात गेली होती. मी जेवायला घरी आलो तर ती स्वयंपाकघरात बसलेली, ताटात भाकरी तशीच. दूध आटावं म्हणून तिच्या आईनं तिच्या छातीला घट्ट फडकं बांधलंय. बाळ नाही आणि दूध येतंय, काय करावं माणसानं? मला बघवेना. मी माझं ताट घ्यायला वळलो.

ती म्हणाली, "पप्पा, मला जवळ घ्या की. घरात कोणी न्हाई."

म्हणजे तिला सगळं कळत होतं. लहानपणापासून कळत असणार. मी तिच्याजवळ खाली बसलो, पण हात कुठं ठेवायचे ते समजेना. शेवटी तिनंच माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या पाठीवर ठेवले. मग ती अशी रडली की माझी छाती हलत होती. मला फक्त तिच्या केसांवरून हात फिरवता आला, तोही आडदांडासारखा. एवढी मोठी झाली ती, आणि हे तिचं पहिलंच वजन माझ्या अंगावर.

हे पत्र कुठं टाकणार आहे मी? लिहून झालं की फाडून टाकीन. खरं तर मला तुमचा लई राग आलाय, आणि तुमची आठवणही तितकीच येतेय. पण एक गोष्ट खोटी कशी सांगू. तुम्ही घरात असता, तर कालही मी तिला धरलं नसतं.