एका मात्रेची चूक

१० जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

काल भांडी पुसताना एकदम आठवलं. तू बशा धुवायचीस, मी स्टुलावर उभी राहून पुसायचे. बशी देताना तू वरचा सूर धरायचीस आणि मी तो पकडला तरच बशी सोडायचीस. एकदा दोघींनी ती इतका वेळ धरून ठेवली की आई आतून म्हणाली, बशी धुताय की तिचा बाप्तिस्मा करताय? एवढंच. विशेष काही नव्हतं त्या दिवशी. तरी काल हातातली बशी मी बराच वेळ खाली ठेवली नाही.

फोन करणार होते, पण तू बोलत बसशील आणि डॉक्टरांनी तुला बोलायचं कमी करायला सांगितलंय. म्हणून पत्र.

आमच्या चर्चमध्ये दर बुधवारी श्रद्धा वाढवण्याचा वर्ग सुरू झालाय. शेजारीण मागेच लागली म्हणून नाव दिलं. मी कशी ते तुला ठाऊक आहे. रविवारी ख्रिस्ती, आणि सोमवारी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासायला बसले की देव त्याच्या जागी आणि मी माझ्या प्लास्टरमध्ये. पण वर्ग घेणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी मला गप्प केलं. त्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून कानात एक शब्द सांगतात. तो रोज कामाच्या मधेच थोडा वेळ धरून बसायचं. काही मागायचं नाही. जे होईल ते आपल्या सोबत्याला कळवायचं. सोबती म्हणून मी तुझं नाव दिलंय, विचारलं नाही. माझा शब्द आहे ‘एक’.

आता खरं बोलते. ताई, ऑपरेशनला नाही म्हणू नकोस. डॉक्टरांनी भाच्याला स्पष्ट सांगितलंय की आत्ता स्वरयंत्र काढलं तर तू बरी होशील, नाहीतर ती गाठ थांबणार नाही. मला आवाज नसलेली ताई चालेल. ताईच नसणं चालणार नाही.

पत्राची वाट बघते. माया आहेच, रागावलीस तरी ती कमी करू नकोस.

तुझी
चिमणी


१९ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, शाळेतल्या सिस्टरनी पट्टी मारून सरळ केलेलं. मजकूर मात्र वाकडा. मला न विचारता सोबती करतेस आणि वर उपदेशही करतेस.

सोबतीण व्हायला माझी ना नाही. तुझा ‘एक’ घेऊन मीसुद्धा बसून पाहिलं. पण इतकी वर्षं गायकवृंद सांभाळलेल्या बाईला ‘एक’ म्हटल्यावर काय सुचणार? पुढे ‘दोन, तीन, चार’ आलंच, हात हलायला लागला, आणि ‘पवित्र, पवित्र’ हे गीत अख्खं म्हणून झालं. माझी प्रार्थना अशीच असते, बाई. मला गप्प राहून देवाशी बोलता येत नाही. आईबाबा गेले तेव्हा मी गायले, तुझे भावजी गेले तेव्हाही गायले, आणि गाताना तो माझ्या शेजारी उभा असायचा, इतका जवळ की पानं उलटायला त्याला सांगावं. गळ्यात हे एवढंसं काहीतरी दिलंय त्याने मला, त्याच्यापर्यंत जायला. तेच कापून टाकलं तर मी कुठल्या दाराने आत जाऊ?

तेव्हा ऑपरेशन नाही. दिलेला आवाज ज्याचा त्याला नेऊन देईन. खरखरीत झालाय, पण ओळखेल तो.

तुझा भाचा रुसलाय. दोन वेळा आला आणि दोन्ही वेळा दार आपटून गेला. त्याला समजाव, आणि तूही समज. तुझ्या ‘एक’चं काय झालं ते कळव. आमचं काय, आम्ही आहोत तोवर गातो आणि तुला आशीर्वाद देतो.

तुझी
ताई


३ जुलै

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, मग तुझ्यावर चिडले. भाच्याला समजावलं नाही. आणखी एकदा दार आपट म्हणून सांगितलं.

आता माझ्या शब्दाची गंमत ऐक. तीन आठवडे मी ‘एक’ धरून बसत होते. समोर टेबलावर जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले. रोज बघते, पण त्या दिवसांत प्रथमच दिसलं की एकासारखा दुसरा नाही. कुणाचा सुळा वाकडा, कुणाची हिरडी एका बाजूने झिजलेली, आयुष्यभर एकाच अंगाने चावलेलं. देवाने इतकी माणसं घडवली, आणि एकही नक्कल नाही. हातातला साचा मी असा खाली ठेवला, जसे फादर ख्रिस्तप्रसादाचं पात्र ठेवतात. आमच्या मदतनीस बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, फार बरं वाटतंय.

हे सिस्टरना सांगायचं म्हणून गेले, तर बोलताना त्यांची खालची कवळी टकटक वाजत होती. ते काही मला बघवेना. त्यांना लॅबमध्ये आणलं, कवळीला आतून नवा थर दिला आणि नेहमीप्रमाणे काहीतरी बोलून दाखवा म्हटलं. त्यांनी तोंड चांगलं उघडलं आणि म्हणाल्या, तुझाच शब्द म्हणते. आणि स्वच्छ म्हणाल्या, “ऐक.”

ताई, ‘एक’ नव्हताच तो. ‘ऐक’ होता. कवळी पडेल या भीतीने त्या तोंड उघडत नव्हत्या आणि वरची मात्रा आतच राहत होती. कवळ्या करण्यात जन्म गेला आणि मला ओळखू आलं नाही. मी सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की नव्या थराची तिथेच परीक्षा झाली. मग डोळे पुसून म्हणाल्या, ‘एक’ तुला मिळाला, तो ठेव. ‘ऐक’ अजून कुणाचा तरी असेल.

तू शुद्धलेखनात पहिली यायचीस, म्हणून कळवलं. ऑपरेशनचं आज काही लिहीत नाही. लिहायचं होतं तेवढं सगळं आधीच लिहिलंय.

मला तुझी आठवण येते. तशीच तुलाही येऊ दे.

तुझी
चिमणी


१२ जुलै

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी आलं. आधी हसले, मग खोकले, मग बराच वेळ खिडकीत बसून राहिले.

रविवारी मी गायकवृंदाच्या माळ्यावर गेले नाही. खाली, शेवटच्या बाकावर बसले. लग्न झाल्यापासून मी कधी खाली बसलेच नव्हते. विनंत्यांच्या वेळी वरून शिंप्याच्या मुलीने, जरा कापऱ्या आवाजात, उचललं, “हे प्रभो, आमचं ऐक.” आणि सगळं चर्च तिच्यामागून म्हणालं.

चिमणे, वर उभं राहिलं की आपल्याला आपलाच सूर ऐकू येतो. खाली काय चाललेलं असतं, मला माहीतच नव्हतं. पोस्टमनचा खर्ज जमिनीतून आल्यासारखा. मागचे म्हातारे गृहस्थ अर्धी मात्रा उशिरा. एक बाई नुसतेच ओठ हलवत होती, तिच्यातून आवाज येतच नव्हता, आणि मला शपथेवर सांगता येईल की तिचंही ऐकलं जात होतं. सगळं बेसूर, आणि सगळं मिळून इतकं मोठं की मी बाकाची कड घट्ट धरली.

आयुष्यभर मी त्याला ‘ऐक’ म्हणत आले, दर रविवारी, तालासुरात. तो कधीतरी मला ‘ऐक’ म्हणत असेल, हे सुचलं नाही. सुचणार कसं, मी थांबलेच नाही. ख्रिस्तप्रसादानंतर सगळे गप्प झाले. मी गायले नाही. कुणी काही बोललं नाही, मी चमत्कार सांगत नाहीये. पण तो होता. शेजारी नाही, पानं उलटायला नाही. सगळीकडे. मी गात होते तेव्हाही तेवढाच असणार. मला भीती वाटली, आणि त्या भीतीतून उठून जावंसं वाटेना.

तो शब्द माझा होता, बाई. तुझ्या पत्त्यावर आला आणि तू पुढे पाठवलास.

तुझ्या भाच्याला बोलावून डॉक्टरांना हो म्हणून सांगितलं. बावीस तारीख दिली आहे. त्याने या वेळी दार आपटलं नाही, उघडंच टाकून पळाला.

घाबरते मी, हे तुला लपवणार नाही. पण दार एकच होतं असं आता म्हणवत नाही.

यापुढे माझी माया कागदावरच दिसेल. नीट वाचत जा.

तुझी
ताई

ता. क. आता कामाचं. हार्मोनियम शिंप्याच्या मुलीला दे. भाता जरा गळतो, पण हळू हाताने धरला तर ऐकतो. गायकवृंदाचा माझा झगा पोस्टमनच्या बायकोला. ती उंच आहे, खालची दुमड सोडावी लागेल, ती तू सोड, तिला शिवण येत नाही. घशाच्या गोळ्यांचा डबा फादरना, प्रवचन आवरतं घेण्याच्या अटीवर. रेडिओ कुणाला देऊ नकोस, तो मला लागेल. फोन खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना. तुला काही ठेवलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये पलंगाशेजारची खुर्ची तेवढी तुझी. त्यात बसायचं आणि मनात येईल ते बोलत राहायचं. मी कुठे जाणार आहे.