कलिंगच्या पुढचा खेळ

मी, उखर्डू रुपचंद पाटील, वय एकाहत्तर, धंदा शेती, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. छाती मात्र साथ देत नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून बजावलं आहे.

राहतं घर, भांडीकुंडी आणि पोस्टातली रक्कम पत्नी सुंदरबाई हिची. तिच्या हयातीत तिला कोणी घराबाहेर काढू नये, आणि चहात साखर किती घालायची तेही शिकवू नये.

शेती आणि औतं मुलगा पंडित याची. विहीर मात्र अर्धी पंडितची, अर्धी माझा चुलतभाऊ लोटन याचा मुलगा हिलाल याची. विहीर माझ्या कमाईतली आहे, तेव्हा ती कशी वाटायची ते मीच ठरवणार. पंडितने हिलालचं पाणी तोडलं, दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि तेव्हापासून बोलचाल बंद आहे.

आता खेळाचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावात सम्राट अशोकाचा खेळ होतो. अशोकाचं सोंग आमच्या घराचं, कलिंगच्या राजाचं लोटनच्या घराचं. हा मान आजोबांपासून चालत आला आहे. लढाई जिंकल्यावर अशोक आपली तलवार हरलेल्या राजाच्या पायाशी ठेवतो. त्याचा खरा कारभार तिथून पुढे सुरू होतो: विहिरी, रस्त्याकडेची झाडं, माणसांना आणि गुरांना औषधपाणी, खडकावर कोरलेल्या आज्ञा. गेल्या आखाजीला पंडितने लढाई जिंकली आणि तिथेच पडदा पाडायला लावला. "आबा, हिलालना पायशी मी वाकाव नही," म्हणाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला मान वर करवेना. नुसती माणसं मारणाऱ्याला सम्राट कशाला म्हणायचं? असले दांडगट गावोगाव पडले आहेत.

यंदा गोष्ट आणखी पुढे गेली. खेळातली तलवार बोथट असते. परवा पुसायला घेतली तर माझा अंगठा कापला. पंडितने तिला धार लावून आणली आहे. विचारलं तर उठून शेताकडे निघून गेला. मला भीती वाटते, आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

ती धार मी स्वतः घासून काढली आणि तलवार लोटनच्या घरी ठेवली. येत्या आखाजीला अशोक मीच होणार. सुंदरबाई रडली, डॉक्टर ओरडतील, ओरडू द्या. पुढच्या वर्षापासून मान पंडितचा, पण पूर्ण खेळ करणार असेल तरच. नाहीतर अशोकही हिलालच्या घरी जाईल.

पुढचं कलम माझ्या मरणापर्यंत थांबण्यासारखं नाही, म्हणून ते मी पंडितला आजच वाचून दाखवणार आहे. खेळात मी कोसळलो, तर पडदा टाकू नये. पंडितने माझ्या हातातली तलवार घ्यावी आणि साऱ्या गावासमोर हिलालच्या पायाशी ठेवावी. आधी तलवार ठेवावी, मग मला उचलावं.

वरचा मजकूर पुन्हा वाचला, मनासारखा आहे, म्हणून दोघांसमक्ष सही केली.

सही: उखर्डू रुपचंद पाटील

साक्षीदार:
१. लोटन पितांबर पाटील
२. मोतीलाल छगन शिंपी

ठिकाण: शिंदखेडा
तारीख: २ मे १९८९