फणी, चाती, तेल, वहाणा

अय्यारू महिना, दिवस ४

सिप्पारला पोहोचले. इसीनहून नावेने आले. प्रवास छान झाला, औषधांच्या पिशव्या कोरड्या राहिल्या. इब्नी-अदाद स्वतः धक्क्यावर आले होते. लोकरीचे व्यापारी, बोलके गृहस्थ. त्यांची आधीची दोन मुलं जन्मल्यावर लगेच गेली, म्हणून या खेपेला सुईणीच्या जोडीला शिकलेली वैदीण हवी, असं त्यांनी माझ्या वैद्य वडिलांना कळवलं होतं. मला कालव्याकडची खोली मिळाली आहे. जेवायला सातूची भाकरी, कांदा, तळलेला मासा. लिहायच्या पाट्यांसाठी माती इथे फार चांगली, चिकण. अंगणातलं काळं पिल्लू आल्यापासून माझी पाठ सोडत नाही. इसीनला आमच्या आरोग्यदेवीच्या देवळातही कुत्री असतात; शुभ समजायला हरकत नाही.

त्यांची बायको एरिश्ती हिला तपासलं. पावलांवर सूज, मूल डोक्याकडून खाली, सगळं ठीक. सुईण नरामतूम उन्हात लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "हात काय थंडगार गं तुझे, पोरी! बाळ दचकेल आत." सगळ्या हसल्या. मीही हसले.

दिवस ९

एरिश्ती माझा काढा न चुकता घेते. पण बाळाने लाथ मारली की हाक म्हातारीला. नरामतूम पोटावर हात ठेवते, काहीबाही पुटपुटते आणि एरिश्तीच्या कपाळावरची आठी जाते. त्या हातांची नखंही स्वच्छ नसतात. मला याचं काही वाटत नाही. नोंद म्हणून लिहिते.

मला मूल आहे का, असं एरिश्तीने विचारलं. नाही म्हटलं. नवऱ्याने त्याच कारणावरून परत पाठवलं, हे सांगायची गरज नव्हती. तिने पोटावरचं वस्त्र ओढून घेतलं.

दिवस १४

नरामतूमने आज मला फणी दिली, कोरी करकरीत. दुपारी एरिश्तीने सूत कातायची चाती दिली. इब्नी-अदादांनी तेलाचा बुधला माझ्या उंबऱ्यावर ठेवला. हातात दिला नाही, घाईत असावेत. म्हातारीला कोणी काही दिलं नाही. मी मुद्दाम तिच्यासमोर बसून केस विंचरले.

दिवस १७

मुलगा झाला. मला बाहेर ठेवलं. काढा माझा, बाळंतिणीला प्रसूतीच्या विटांवर कधी बसवायचं ते मी सांगितलेलं, आणि दार लावलं ते माझ्याच तोंडावर. आतून म्हातारीचा आवाज आला, "ये रे माझ्या राजा, ये!" मग रडणं, मग सगळ्यांचं हसणं. मी हात धुऊन उभी होते.

नंतर बाळ घेतलं. ते माझ्याकडे येतानाच एरिश्तीचे हात त्याला परत घ्यायला पुढे झाले. संध्याकाळी बाळाला ताप.

दिवस १८

ताप उतरत नाही.

सकाळी माझं वस्त्र छातीपाशी ओलं होतं. घाम नव्हता. चाखून पाहिलं. दूध. मूल न झालेल्या बाईलाही क्वचित येतं. वडिलांनी एकदा पाहिलं आहे.

नरामतूम अंगणात मातीची बाई घडवत होती. कोण ही, विचारलं. माझ्याकडे न बघता तिने सांगितलं: लमाश्तू. देवाची लेक, आभाळातून हाकललेली, कूस रिकामी. सुईण होऊन, वैदीण होऊन घरात शिरते. कुत्र्याचं पिल्लू छातीशी धरते. आईला म्हणते, "दे इकडे, मी पाजते." तिने पाजलेलं मूल जगत नाही.

मारून का टाकत नाहीत, असं मी विचारलं.

"देवाची लेक ती, मरते होय? तिची समजूत काढायची, बाई. फणी द्यायची, चाती द्यायची, तेल, वहाणा. गोड बोलून होडीत बसवायचं. मन भरलं तर जाते."

मग हात पुसत म्हणाली, "आवडल्या ना गं वस्तू?"

दिवस १९

दारात वहाणा. माझ्या मापाच्या. मागे कालव्यात होडी बांधलेली.

मी शिकलेली आहे. दोन मुलं म्हातारीच्या हातून गेली, आता दोष माझ्यावर ढकलायचा आहे. हे पटण्यासारखं आहे.

पण मी बाजारापर्यंत गेले, तर ताप उतरला. परत आले, चढला. पुन्हा जाऊन पाहिलं. तेच.

एरिश्ती भांडली नाही. ओल्या बाळंतिणीने माझे पाय धरले. "ताई, जा ना. हवं ते घेऊन जा घरातलं. एवढा एक राहू दे मला."

एवढा एक. तिला पुढच्या वर्षी दुसरा होईल.

हे मी का लिहिलं?

दिवस २०

वहाणा घातल्या. होडीत पाय ठेवला — आणि बाळ रडलं. पुढून सगळी भिजले.

दुपार. जाणार आहे. फक्त ताप बघून — काल नखं कापली होती, पुन्हा वाढली आहेत — पिल्लू पायाशी बसून तोंड वर करतंय —

म्हातारीचा डोळा लागला आहे. एरिश्तीचाही. बाळ तिच्या कुशीत. नेहमी तिच्याच —

माती वाळत आली. उमटत नाही नीट —

बाळाने तोंड वळवलं. माझ्याकडे. तिच्याकडे नाही, माझ्याकडे —

खोलीत कोणीतरी हळूच बोललं. ओळखीचा आवाज, थंडगार —

दे इकडे, मी पा