अर्धा मिलिमीटर

४ मार्च, सकाळी

ठरलं. क्लबचा तपासनीस मीच होणार. आमच्या क्लबात सगळे जुनी फुटबॉल कार्डं जमवणारे. कार्ड ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचं, ते तपासून दहापैकी मार्क देतात आणि प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. आपण डोळे मिटून विश्वास ठेवायचा! परवा आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरच्या सीलबंद कार्डाचा कोपरा पेनाने रंगवलेला निघाला. कंपनीला पत्ताच नाही. म्हणून क्लब स्वतःचा तपासनीस नेमणार. ३१ तारखेला मतदान. माझ्याशिवाय आहे कोण?

६ मार्च

भिंग आणलं. पारदर्शक पट्टी आणली. बायको म्हणाली, किचनचा नळ गळतोय, तो भिंगाशिवायही दिसतो. रविवारी नळ. नक्की.

९ मार्च

पद्धत सापडली! फेरफार ओळखायला आधी एक अस्सल कार्ड हवं. बाकीची त्याच्याशी ताडून बघायची. असं कार्ड माझ्याकडेच आहे. माझा गोलकीपर. सासऱ्यांनी लग्नात दिलेला. दहापैकी नऊ मार्क. कडा इतक्या धारदार की दाढी करून घ्यावी. यापुढे हेच आमचं प्रमाण कार्ड.

नळ राहिला. प्रमाण ठरवण्यात दिवस गेला.

१२ मार्च

दातांच्या डॉक्टरची कार्डं मोजली. प्रत्येक कार्ड माझ्या गोलकीपरपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं! म्हणजे ओलं करून, दाबून ताणलेलं. मळकी कड कापायची तर आधी कार्ड मोठं करून घेतात, ही लबाडी मला ठाऊक आहे. डॉक्टरला सांगितलं. भडकला. खऱ्याला असा राग येत नाही.

१७ मार्च

क्लबात जेवढी कार्डं हाती लागली तेवढी मोजली. सगळी अर्धा मिलिमीटर मोठी. सगळी! अरे, हे रॅकेट किती मोठं आहे? आमच्यातला सलूनवाला म्हणाला, सगळ्यांची मोठी आणि तुमचं एकट्याचंच बरोबर, हे कसं काय बुवा? मी सुनावलं, मापं बहुमताने ठरत नसतात. वाक्य भाषणात घ्यायचं.

१९ मार्च

नळाखाली बादली ठेवली. तात्पुरता उपाय. बायकोने बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पटलं असावं.

२२ मार्च, दुपारी

मन खट्टू झालंय. सासऱ्यांकडे त्याच गोलकीपरचं दुसरं कार्ड आहे. कोपरे गोल झालेले, त्यामुळे सातच मार्क. सहज मोजलं. तेही मोठं! घरातसुद्धा हेच?

हळूच सांगितलं की तुम्हाला कुणीतरी गंडवलंय. ते म्हणाले, अहो, मी कुणाकडून घेतलंच नाही. शाळेत असताना पाकिटातून निघालं, तेव्हापासून माझ्याच कपाटात आहे. म्हातारी माणसं भोळी असतात. मग त्यांनी विचारलं, जावईबापू, तुमचं कार्ड मोजलंत का? मी म्हटलं, तुमचं मोजतोय ते माझ्यावरूनच ना! त्यांनी सासूबाईंकडे बघितलं आणि चहा गार होतोय म्हणाले.

तपासायला कार्ड घरी आणलंय. द्यायला जरा कां कूं करत होते.

२४ मार्च

पक्कड घेऊन सासऱ्यांच्या कार्डाची पेटी फोडली. बायको ओरडली, सील तुटलं की मार्क गेले ना? मी म्हटलं, सत्यापुढे मार्क काय चीज आहे. भिंगातून तासभर पाहिलं. ताणल्याची एकही खूण नाही. याचा अर्थ काम फार सराईत माणसाचं आहे.

पक्कड हातात होतीच, पण नळाला ती बसत नाही.

२९ मार्च

भाषण पाठ. सासऱ्यांचे सारखे फोन. काहीतरी सांगायचंय म्हणे. बायकोला सांगितलं, बाबांना म्हणावं मतदान होऊ दे. सभेला या म्हणावं. जावयाचा मान डोळ्यांनी बघा.

३१ मार्च

लिहावंसं वाटत नाही.

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी बोललो. रॅकेट उघडं केलं. माझा गोलकीपर उंच धरून म्हटलं, हे आपलं प्रमाण! तेवढ्यात सासरे उभे राहिले. म्हणाले, जावईबापू, माफ करा, फोनवर सांगणार होतो. माझ्याकडे एकाच गोलकीपरची दोन कार्डं होती. त्यातल्या त्यात चांगलं तुम्हाला काढलं, पण त्याचेही कोपरे चुरगळलेले. लग्नात जावयाला असलं कसं द्यायचं? तेव्हा मी छापखान्यात होतो. कटिंग मशीनवर चारही बाजूंनी केसभर कापून सरळ केलं. पुढे कंपनीने नऊ मार्क दिले आणि तुम्ही घरभर नाचलात, मग माझी जीभच रेटेना.

आधी डॉक्टर हसला. मग सगळे. तपासनीस म्हणून सलूनवाला निवडून आला. येताना गाडीत मी सासऱ्यांशी एक अक्षर बोललो नाही.

२ एप्रिल

शांतपणे विचार केला. नामांकित कंपनीला जे ओळखता आलं नाही ते मला तरी कसं येणार? चूक सासऱ्यांची. बायकोच्या हाती त्यांचं कार्ड परत पाठवलं. निरोप काही दिला नाही.

४ एप्रिल

बायको म्हणते, बाबा धड जेवत नाहीत. मी फोन करणार होतो, पण आधी त्यांनी करावा.

७ एप्रिल, संध्याकाळी

बायको माहेराहून आली. सासऱ्यांनी पाकीट दिलंय. आत त्यांचा गोलकीपर. शाळेपासून जपलेला. कडा करकरीत, कोपरे टोकदार. म्हणे जुन्या छापखान्यात जाऊन कापून आणला. निरोप असा, जावईबापूंना चारचौघांत खाली बघावं लागलं, ते मला बघवलं नाही. आता दोन्ही सारखी झाली, दोन्ही तुम्हीच ठेवा.

घरात एकच अस्सल कार्ड होतं. सील मी फोडलं, कडा त्यांनी कापल्या, तेही माझ्यासाठी. मला रडू आलं. बायकोने बादली बदलली.

मग पट्टी काढून मोजलं. केसाचाही फरक नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक कार्ड माझ्या प्रमाणाशी जुळलं.